रतनपुरुषाच्या नावाखाली अँजेलोनिया

रतनपुरुष या औषधी रानवनस्पतीची रोपं ऑनलाइन मागवायचा विचार असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

जाहिरात होती, ‘आपल्या माळरानावरचं व्हायोलेट, घरी वाढवलेलं, 3 रोपांचे 900 रुपये, कुरिअर वेगळं.’ रतनपुरुष व्हायोलेटच्याच कुळातला, त्यामुळे तेवढं खरं होतं. फोटोही अस्सल होता: वरच्या पाकळ्या नावापुरत्या आणि खाली फावड्याच्या पात्यासारखी एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी. फक्त तो फोटो विकणाऱ्याचा नव्हता.

रोपं टवटवीत आली, पण सगळे शेंडे खुडलेले. फोन केला तर म्हणतो, “ताई, प्रवासात फुलं गळतात, म्हणून आम्हीच काढतो. पंधरा दिवसांत बहर बघा!” बहर आला. जांभळाच, पण शेंड्यावर तुऱ्यासारखा, दोन ओठांच्या फुलांचा. कोणत्याही नर्सरीत पन्नासाच्या आत मिळणारी अँजेलोनिया!

ओळखायला फुलापर्यंत थांबायचीही गरज नसते. रतनपुरुषाची अरुंद पानं एकाआड एक येतात, देठ जवळपास नसतोच, आणि फूल पानाच्या बेचक्यात एकटं येतं. माझ्याकडच्या रोपांवर खालपासून पानं समोरासमोर जोडीनं होती. सगळ्यात पक्की खूण बोंडाची. ते वाळलं की तीन शकलांत उकलतं. म्हणून मी बोंडाचा फोटो मागितला, तर उत्तर आलं, “सीझन संपला.” ऐन भाद्रपदात! त्यानंतर नंबर ब्लॉक.

एवढा भाव येतो कशाने, तर पुरुषांच्या ताकदीचं औषध म्हणून याला मागणी आहे. याचं चूर्णही विकतात, आणि चूर्णात तर पान, फूल, बोंड काहीच ओळखायला उरत नाही. मी तरी ते घेणार नाही.

बिल दिलंच नव्हतं. यूपीआयची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता, त्यावर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, नंतर ती गायब होते.

तोच माणूस आता वेगळ्या नावाने ‘रतनपुरुष बी, 50 दाणे’ विकतोय. जाहिरातीतलं बी काळं कुळकुळीत आहे. रतनपुरुषाचं बी फिकट पिवळसर असतं, अंगावर उभ्या रेषा असलेलं.