घरचं इंटरनेट: फोंड्यात स्वस्त की लिस्बनमध्ये?

आमच्या गोव्यात बहुतेक वाड्यांवरचं कोणी ना कोणी दुबईत, इंग्लंडातल्या स्विंडनला नाहीतर पोर्तुगालात असतं. चतुर्थीला घरी आले की त्यांचं ठरलेलं वाक्य: "तुमच्याकडे नेट फुकटच रे!" मग घरातले थेट सगळ्यात मोठा प्लॅन घ्यायला निघतात. जरा थांबा.

जिओफायबरचा 100 एमबीपीएसचा प्लॅन 699 रुपयांचा. 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 825. ब्रिटनमध्ये तेवढ्याच वेगाला साधारण 25 ते 30 पौंड लागतात, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. पण रुपयांत गुणाकार केला की फसगत होते. कमाईवर मोजा. तिथलं किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये तासाला 12.21 पौंड झालं, म्हणजे 30 पौंडांचं बिल अडीच तासांत सुटतं. इथे दिवसाला सहाशे-सातशे हाजरी मिळवणाऱ्याला 825 साठी दिवसाहून जास्त राबावं लागतं. कुणाचं नेट स्वस्त, हे आता तुम्हीच सांगा.

दुबईचं गणित वेगळं. बाजारात कंपन्या दोनच, एतिसालात आणि डू. घरच्या फायबरला महिन्याला साडेतीनशे-चारशे दिरहम, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. वेग दणकट, पण एवढं भरूनही आईला साधा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, कारण तिथे त्यावर बंदी आहे.

पोर्तुगालात टीव्ही, फोन आणि नेटचं एकच गाठोडं मिळतं आणि बहुधा 24 महिने त्यात अडकून पडावं लागतं. 2024 च्या नोव्हेंबरात डिजी ही रुमानियाची कंपनी दहा युरोंच्या आसपास फायबर घेऊन उतरली. तिकडे जाणाऱ्याने, जुन्या कंपनीच्या कराराखाली सही करण्याआधी, आपल्या पत्त्यावर डिजी पोचली आहे का ते बघावं.

ब्रिटनमध्ये मला सगळ्यात हेवा वाटतो तो दुरुस्तीचा. लाइन बंद पडून दोन कामाचे दिवस उलटले की भरपाई योजनेतल्या कंपन्यांना न मागता दर दिवसाचे पैसे द्यावे लागतात. जानेवारी 2025 नंतरच्या करारांत मधली दरवाढही आधीच पौंड-पेन्समध्ये लिहून द्यावी लागते.

आपल्याकडे तार विजेच्या खांबांवरून येते. पावसात माडाची झावळ पडली की ती तुटते, आणि वीज खातं अधूनमधून बिनपरवाना तारा उतरवतं ते निराळंच. म्हणून गोव्यात घर असेल तर वेगावर पैसे उधळू नका. चार माणसांना 100 एमबीपीएस पुरून उरतात. शेजाऱ्यांना एकच विचारा: गेल्या जुलैत लाइन गेली तेव्हा लाइनमन किती दिवसांनी आला? गावातल्याच केबलवाल्याचा माणूस त्याच दिवशी येत असेल, तर शंभर रुपये जास्त पडले तरी मी त्याच्याकडेच जाईन. वर्षाचे पैसे एकदम भरून मिळणारी सवलत पहिल्या पावसाआधी तरी घेऊ नका.

घरून नोकरी करत असाल तर दुसऱ्या कंपनीची 30-40 एमबीपीएसची लाइन चार-पाचशेला घ्या. दोन्ही मिळून स्विंडनच्या एका लाइनीच्या निम्म्यातच बसतात. थोडे जास्त पडले तरी दुसरी शक्यतो बिनतारी, 5जीची असावी, म्हणजे झावळीची भीती नाही. राऊटर मात्र इन्व्हर्टरवर जोडा. आणि हे सगळं मे महिन्यातच उरका. जूनच्या पावसात खांबावर चढायला कोणी तयार होत नाही.