नको झालेला घोडा घरी आणताना: शर्यतीच्या तबेल्यातून, संस्थेतून की लिलावातून?

कुणाला नकोसा झालेला घोडा सांभाळायचं ठरलं की तीन वाटा दिसतात. शर्यतीच्या तबेल्यातून नुकताच निवृत्त झालेला घोडा, पुनर्वसन संस्थेने नव्याने शिकवून तयार केलेला घोडा, किंवा लिलावातून थेट सोडवून आणलेला. तिन्ही वाटांनी घोडा स्वस्तात मिळू शकतो, त्यामुळे किमतीवरून ठरवण्यात अर्थ नाही. घोडा २५-३० वर्षं जगतो आणि खर्च चारा, नालबंद आणि डॉक्टर यांवर होतो.

शर्यतीतून थेट

थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, दोन वर्षांचा असतानाच पळायला लागतो आणि बऱ्याचदा पाच-सहाव्या वर्षी कामातून बाद होतो. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग अजून बाकी असतो. त्याला बरंच येतंही. तो वाहनात चढतो, नालबंदापुढे पाय देतो, खरारा करून घेतो, गर्दीला बुजत नाही. घोटाळा होतो तो स्वार पाठीवर बसल्यावर. शर्यतीत लगामाच्या ताणावर रेलून पळायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. नवखा स्वार घाबरून लगाम खेचतो आणि घोडा त्यावर रेलून आणखी जोरात निघतो. जॉकी आखूड रिकिबीवर उंच बसतो, म्हणून पोटाला लागणारी स्वाराची पोटरी या घोड्याला अनोळखी. स्वार चढेपर्यंत शांत उभं राहणंही शिकवावं लागतं, कारण जॉकीला बहुधा चालत्या घोड्यावरच उचलून बसवतात.

शिकवणं सुरू करण्याआधी त्याला काही आठवडे, कधी काही महिने नुसतं घोडा म्हणून राहू द्यावं. दाणा हळूहळू कमी, चारा भरपूर, आणि सोबत्यासह मोकळं कुरण. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड स्रवत असतं, पोट रिकामं असलं तरी. दाण्यावर पोसलेल्या आणि दिवसभर कोठडीत उभ्या राहणाऱ्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण फार आढळतात. खोगीर आवळताना चावायला येणाऱ्या घोड्याला लोक खुनशी ठरवून मोकळे होतात. त्याचं पोट दुखतंय का, हे आधी डॉक्टरांकडून पाहून घ्या. पुढच्या पायांच्या कंडराही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) तपासून घ्या. कंडरा दुखावली असेल तर भरून यायला नऊ महिने ते वर्ष जातं आणि ती पुन्हा दुखावण्याचा धोका राहतो. असा घोडा हलक्या रपेटीला चालेल, उड्या मारायला नाही.

संस्थेतून

इथे घोड्याचा स्वभाव आधीच कुणीतरी पारखलेला असतो. वाहनांना बुजतो का, एकटा राहतो का, मागून गेलं तर लाथ मारतो का, हे विचारलं की उत्तर मिळतं. बदल्यात संस्था तुम्हालाही पारखते. जागा पाहते, प्रश्न विचारते, प्रसंगी नाही म्हणते. ब्रिटनमधली वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर ही १९२७ साली सुरू झालेली संस्था घोडा सांभाळायला देते, मालकी मात्र स्वतःकडेच ठेवते. त्यामुळे तो पुढे विकता येत नाही. अनेकांना ही अट टोचते. मला मात्र यातच खरी सोय दिसते, कारण उद्या तुमचं दुखणंखुपणं निघालं तर घोड्याचं काय, याचं उत्तर आजच कागदावर असतं. दुसऱ्या संस्थेकडून घेत असाल तर परत घेण्याची अट करारात आहे का ते नक्की वाचा.

आणि ‘तयार घोडा’ म्हणून हुरळून जाऊ नका. नव्या जागी पहिले काही आठवडे तो सगळं शिकलेलं विसरल्यासारखा वागू शकतो.

लिलावातून

मन सर्वांत जास्त इथे ओढलं जातं आणि चूकही इथेच महागात पडते. बरगड्या दिसणाऱ्या घोड्यापुढे दाण्याची बादली ठेवावीशी वाटते. तीच त्याचा जीव घेऊ शकते. दीर्घ उपासानंतर एकदम पिष्टमय खुराक मिळाला की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कोसळतं आणि हृदय बंद पडू शकतं. पहिले दहा दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली लसूणघास थोडा थोडा, काही तासांच्या अंतराने द्यायचा असतो. सांसर्गिक आजार इतर घोड्यांत पसरू नयेत म्हणून दोन-तीन आठवडे वेगळी जागा लागते, वेगळ्या बादल्या लागतात. शिवाय दिलेले पैसे घोड्याला लिलावात आणणाऱ्या विक्रेत्याच्याच खिशात जातात.

डोरोथी ब्रुक या ब्रिटिश बाईंनी १९३० च्या दशकात कैरोमध्ये पहिल्या महायुद्धातले म्हातारे घोडे विकत घेतले. सुमारे ५,००० घोडे त्यांनी सोडवले, पण त्यांतले बहुतेक इतके खंगलेले होते की त्यांना वेदनारहित मरण देणं एवढंच हाती उरलं होतं. लिलावातून आणायचा विचार असेल तर तुम्हालाही हा निर्णय घ्यावा लागू शकतो.

माझा कौल

पहिलाच घोडा असेल तर संस्थेतून घ्या, यात मला शंका नाही. मांड पक्की असेल आणि जवळ अनुभवी चाबूकस्वार असेल तर शर्यतीचा घोडा घेण्यात मजा आहे. लिलावाचं धाडस डॉक्टर आणि वेगळा तबेला हाताशी असेल तरच करावं, नाहीतर तेच पैसे संस्थेला द्यावेत.

एक पर्याय लोक विसरतात. आधीच एक घोडा असेल आणि त्याला फक्त सोबत हवी असेल, तर स्वारीला न चालणारा घोडा विचारा. कळपात राहणाऱ्या या जनावराला तेवढी सोबत पुरते, आणि स्वारी नसल्यामुळे अशा घोड्यांना सहसा कुणी मागत नाही. त्यांनाही नालबंद आणि डॉक्टर तितकेच लागतात, हे मात्र हिशेबात धरा.

पाहायला जाल तेव्हा घोडा आधीच खोगीर घालून, दमवून ठेवलेला नसावा असं कळवा. कुरणातून तो कसा पकडला जातो, खोगीर चढताना चिडून कान मागे पाडतो का, ते उभं राहून बघा. मग तिथल्या माणसाला आधी बसायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही बसू नका.