निम्हान्सचं मेंदू संग्रहालय, बंगळूर: लेकीला घेऊन जरूर जा

भाचीच्या लग्नासाठी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरला गेलो, तेव्हा एक सकाळ राखून होसूर रस्त्यावरच्या निम्हान्समधलं, म्हणजे मेंदूच्या आणि मनाच्या आजारांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतलं, मेंदूचं संग्रहालय पाहिलं. सोबत दहावीतली लेक. इथली मेंदूपेढी १९९५ सालची. नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले माणसांचे खरे मेंदू इथे जपलेत, प्रतिकृती नव्हेत. दिवस आणि वेळ आधी विचारून जा. लहानग्यांना नेणार असाल तर काय दिसेल ते घरीच सांगून ठेवा.

हातमोजे घालून मेंदू हातात घेता येतो. सव्वा-दीड किलोचा ऐवज. किळस येईल असं वाटलं होतं, पण तान्हं मूल घ्यावं तसे दोन्ही हात आपसूक पुढे झाले.

अमिग्डाला कुठे असतो ते मी मुद्दाम विचारलं. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूत खोलवर, बदामाएवढा पेशींचा पुंजका. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थच बदाम. धोका तो झटकन टिपतो, आणि त्याला आवरायचं काम कपाळामागच्या भागाचं. तो भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते. लेक लगेच म्हणाली, "आई, म्हणजे मी दार आपटते ते...?" दार आपटायचं नाहीच, असं मी तिला सांगितलं. पण तेव्हापासून ती चिडली की मी तिथल्या तिथे उत्तर देत नाही. आधी कुकर लावते, मग बोलते.

माझे पाय अडले ते अल्झायमरच्या मेंदूपाशी. घड्या आक्रसलेल्या, मधल्या पोकळ्या रुंदावलेल्या. नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात तो हिप्पोकॅम्पस या आजारात अगदी सुरुवातीलाच झिजू लागतो. सासूबाई चार वर्षं या आजारात होत्या. जेवून हात धुतला की म्हणायच्या, "मला वाढलंच नाही." मी खरकटं ताट दाखवून त्यांना पटवत बसायचे. त्या रडायच्या. कशाला रडलो हे पाच मिनिटांत विसरायच्या, पण चेहरा संध्याकाळपर्यंत उतरलेलाच. प्रसंग पुसला गेला तरी त्यातलं दुःख मागे राहतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ताट दाखवलं नसतं. वाटीभर भात पुन्हा वाढला असता, आणि शेजारी बसले असते.