जुनी बारोलो की जुनी ब्रुनेल्लो?
इटलीतल्या या दोन रेड वाइनपैकी २०१० सालची एकच बाटली उघडायची तर कोणती, असा पेच एका स्नेह्यांनी मांडला. पिएमोंतेतील नेब्बिओलो द्राक्षांची बारोलो पेल्यात मुळातच फिकट दिसते. कडेला विटकरी छटा आली म्हणून ती उतरली असे समजू नये, कारण तिचा खरा कस वासात लागतो, आणि सुकलेला गुलाब, डांबर व ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) यांचे गंध एकामागून एक उलगडत जातात. तुरटपणा मात्र वर्षानुवर्षे हटत नाही. तोस्कानातील केवळ सांजोव्हेसे द्राक्षांपासून बनणाऱ्या ब्रुनेल्लोत सुकी चेरी, चामडे आणि तंबाखूचे पान जाणवते, आंबटपणाही ठसठशीत राहतो. गाळ दोन्हींत बसतो, म्हणून बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवावी. सावकाश हुंगत बसायचे असेल तर बारोलो घ्यावी. भाजलेल्या मांसाच्या जेवणासोबत हवी असेल तर ब्रुनेल्लो.