उजळत जाणाऱ्या गजराच्या दिव्यासोबत आठ महिने

अमेरिकेतील ग्राहकांच्या बैठकांमुळे हिंजवडीतील माझे काम रात्री नऊला संपते. कोथरूडला घरी पोहोचून जेवण उरकले, तरी पूर्वी दीड वाजेपर्यंत डोळा लागत नसे. मुलीच्या शाळेसाठी सहाला उठताना अंगात शिसे भरल्यासारखे वाटे आणि सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपले की सोमवार अधिकच जड जाई. म्हणून ऑक्टोबरात हा दिवा घेतला.

साडेपाचला भिंतीवर समईच्या उजेडाएवढी तांबूस छटा उमटते आणि सहापर्यंत खोली उजळते. दचकून उठणे पहिल्याच आठवड्यात थांबले, पण रात्रीची झोप लवकर येईना. शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये असते. माणसात त्याचे चक्र सरासरी २४ तासांहून थोडे मोठे असल्याने ते रोज मागे पडू पाहते आणि डोळ्यांवर पडणारा सकाळचा प्रकाश ते पुन्हा जुळवतो. त्यासाठी उशाशी मिळणारा तीनशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड तोकडाच, कारण ढगाळ सकाळीही बाहेर हजारो लक्स असतात. डिसेंबरपासून मुलीला सोडून मी रोज वेताळ टेकडी चढू लागले, सुट्टीच्या दिवशीही सातच्या आत उठू लागले, आणि तीन-चार आठवड्यांत अकरालाच डोळे मिटू लागले. या बदलाचे अर्धे श्रेय मी टेकडीला देते. तरीही पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो त्या जानेवारीत अंथरुणातून बाहेर काढले ते दिव्यानेच. मे महिन्यात मात्र सहालाच उजाडत असल्याने त्याचे काम जवळजवळ उरले नाही.

दोन दोष गंभीर आहेत. वीज गेली की वेळ पुसली जाते. जानेवारीत एका पहाटे दिवा लागलाच नाही आणि मुलीची शाळेची व्हॅन चुकली. विक्रेत्याला दोनदा लिहूनही उत्तर आले नाही, त्यामुळे मोबाइलचा गजरही लावावा लागतो. दुसरे म्हणजे, वेळ दाखवणारे आकडे निळे आहेत आणि ते रात्रभर जळतात. शरीराच्या घड्याळाला दिवस झाल्याचे कळवणाऱ्या, डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशी निळ्या प्रकाशालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि अशा उजेडाने रात्री झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक दबते, तेव्हा झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही चूक व्हायला नको होती. मी त्यावर वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला आहे.

संध्याकाळी काम करून सकाळी लवकर उठणाऱ्यांनी हिवाळ्यापूर्वी हा दिवा जरूर घ्यावा. रात्रपाळी करणाऱ्या माझ्या भावाला मात्र मी नको म्हटले. तो सकाळी नऊला झोपतो, म्हणून त्याच्या खोलीला जाड काळे पडदे शिवून दिले.