जुना रेग्युलेटर पुन्हा पाण्यात: दोन नळ्यांचा घ्यावा की एका नळीचा?

जुना स्क्यूबा रेग्युलेटर (पाण्याखाली टाकीतली दाबाची हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र) नुसता कपाटात मांडायचा असेल तर पॉलिश करा, विषय संपला. त्यातून पुन्हा श्वास घ्यायचा असेल, तर तो किती जुना आहे यापेक्षा त्याची सीट (हवेची वाट बंद करणारी गादी), डायफ्रॅम (दाबाने हलणारा रबरी पडदा) आणि ओ-रिंग (सांधे हवाबंद ठेवणारी रबरी कडी) आज मिळतात का, हे आधी बघावं लागतं. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा.

या चाळणीतून प्रामुख्याने दोन प्रकार उरतात. एक, यू. एस. डायव्हर्स या अमेरिकी कंपनीच्या अ‍ॅक्वामास्टर घराण्यातला दोन नळ्यांचा रेग्युलेटर. दुसरा, सत्तरच्या दशकातला एका नळीचा, म्हणजे स्क्यूबाप्रो कंपनीच्या मार्क 5 किंवा यू. एस. डायव्हर्सच्याच कॉनशेल्फसारखा.

खरा फरक श्वासात आहे. दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमध्ये सगळी यंत्रणा मानेमागच्या गोल डब्यात असते, तोंडाशी फक्त माउथपीस. पालथं पोहताना डब्यातला डायफ्रॅम फुप्फुसांपेक्षा वर राहतो. तिथे पाण्याचा दाब कमी, म्हणून हवाही कमी दाबाने येते आणि ओढावी लागते. उताणे व्हा, की तीच हवा आपणहून तोंडात घुसते. चांगला ट्यून केलेला रेग्युलेटर अडीच ते चार सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतक्या हलक्या ओढीवर उघडतो. डबा पंधरा सेंटिमीटर वर राहिला तर ही सगळी कारागिरी वाया जाते. म्हणून टाकी पाठीला घट्ट आणि इतकी खाली बांधायची की डबा दोन्ही खांद्यांच्या मधोमध यावा. सर्व्हिसिंग उत्तम करूनही "जड चालतो" अशी तक्रार असेल, तर आधी टाकीचा पट्टा बघा.

उच्छ्वासाचा व्हॉल्व्हही त्याच डब्यात का, याचं उत्तर 1943 मध्ये मिळालं. असा रेग्युलेटर बनवणारे कुस्तो आणि गान्यां यांचा पहिला नमुना फ्रान्समधल्या मार्न नदीत उभं राहिलं की हवा नुसती सोडत सुटायचा आणि डोकं खाली केलं की हवा द्यायला कुरकुरायचा. व्हॉल्व्ह आणि डायफ्रॅम यांच्या उंचीत फरक होता. दोन्ही एका पातळीवर आणले आणि प्रश्न मिटला. याचा एक सुखद परिणाम म्हणजे बुडबुडे डोक्यामागून जातात. चेहऱ्यासमोर पाणी स्वच्छ, जबड्यावर वजन नाही. पाण्याखाली फोटो काढणाऱ्यांना तो आवडतो, त्यामागे नुसता जुन्याचा लळा नाही.

एका नळीच्या रेग्युलेटरमध्ये डायफ्रॅम तोंडाशीच असतो, त्यामुळे अंग कसंही वळवा, श्वासात फार फरक पडत नाही. मार्क 5 चा बॅलन्स्ड पिस्टन (टाकीतल्या दाबाचा ज्यावर फारसा परिणाम होत नाही असा) टाकी रिकामी होत आली तरी जवळपास तसाच चालतो. सवय वेगळी करावी लागत नाही. दोन नळ्यांत मात्र पाणी शिरलं तर डाव्या कुशीवर वळून ते उच्छ्वासाच्या नळीतून बाहेर फुंकायला शिकावं लागतं.

खर्चाचं गणित उघड आहे. एका नळीत ओ-रिंगचा संच, सीट, छोटा डायफ्रॅम, उच्छ्वासाची चकती आणि नवा होज, एवढ्यात काम होतं. दोन नळ्यांत दोन्ही पन्हाळीदार नळ्या, मोठा डायफ्रॅम आणि डकबिल व्हॉल्व्ह (बदकाच्या चोचीसारखी एकमार्गी रबरी झडप) असं जवळजवळ सगळं रबर बदलावं लागतं. छोटे उत्पादक हे भाग नव्याने बनवतात, पण स्वस्त नसतात. डब्याची कड वाकलेली असेल तर नवं रबरही गळतं. विकत घेताना बोट फिरवून बघा.

साफसफाई दोघांची सारखीच: पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ, जास्त ठेवलं तर क्रोम सुटतं. मग धुवा, वाळवा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या आणि मधला दाब (टाकीचा दाब पहिल्या टप्प्यात उतरल्यावरचा) गेजवर बघा. मार्क 5 ला साधारण 9 ते 10 बार. आकडा हळूहळू चढत राहिला तर सीट किंवा तिच्यावर टेकणारी धार खराब आहे. अशा रेग्युलेटरने तलावातही उतरू नये.

मूळ दोन नळ्यांच्या रेग्युलेटरला प्रेशर गेज, दुसरं माउथपीस किंवा जॅकेट फुगवायची नळी जोडायला जागाच नसते. त्या काळी टाकीवरच्या जे-व्हॉल्व्हच्या (थोडी हवा शेवटासाठी राखून ठेवणाऱ्या तोटीच्या) राखीव हवेवर भिस्त असे. आता पोर्ट (नळ्या जोडायची भोकं) असलेली बदली फर्स्ट स्टेज बॉडी (टाकीचा दाब उतरवणाऱ्या पहिल्या टप्प्याचं धड) मिळते, ती बसवलीच पाहिजे असं माझं मत. मार्क 5 ला पोर्ट आहेत, फक्त हाय-प्रेशर पोर्ट जुन्या 3/8 इंच मापाचा असल्याने आजच्या गेजला अ‍ॅडॅप्टर लागतो. पहिल्यांदाच हात घालत असाल तर मार्क 5 घ्या. दोन नळ्यांचा रॉयल अ‍ॅक्वामास्टर दुसऱ्या खेपेला.

टाकीबाबत मात्र जुन्याचा मोह आवरा. यू. एस. डायव्हर्ससारख्यांच्या जमान्यातली पोलादी 72 घनफुटी टाकी (सुमारे 12 लिटर) हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आणि आतली पाहणी पार पडली तर चांगली चालते. अमेरिकेत 1988 च्या सुमारापर्यंत वापरलेल्या 6351 मिश्रधातूच्या अ‍ॅल्युमिनियम टाक्यांना मानेजवळ तडे जाण्याचा इतिहास आहे. त्या घेऊ नका. पोलादी टाकीत जुनं अस्तर पापुद्र्यांसारखं सुटत असेल तर ते काढून आतला गंज तपासल्याशिवाय भरू देऊ नका. आणि जुन्या रेग्युलेटरचा योक (तो टाकीवर कसायची पकड) किती दाबासाठी बनवलाय, हे बघितल्याशिवाय तो आजच्या भरलेल्या टाकीवर कसू नका.