मोफत सर्च की झूऑलॉजिकल रेकॉर्ड? एका बेडकाच्या निमित्ताने

पावसाळ्यात भातखाचरांत ओरडणारे लहान बेडूक हा माझा विषय. त्यातल्या एकाच्या नावातच सह्याद्री आहे. अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं, ते राना लिम्नोकॅरिसची उपप्रजाती म्हणून: सिहाड्रेन्सिस. पुढे तो फेजर्वार्या या जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) गेला, २०११ मध्ये झाकेराना हा जीनस आल्यावर तिकडे, आणि आता तो मिनर्वार्या सिहाड्रेन्सिस आहे. बेडूक तोच, खाचर तेच. साहित्य शोधायची वेळ आली की मात्र हा नावांचा प्रवास आडवा येतो.

लिटरेचर रिव्ह्यूला बसलेल्यांपुढे बहुतेक वेळा दोन वाटा असतात. एक, कुठूनही उघडणारं मोफत शैक्षणिक सर्च इंजिन. दुसरी, विद्यापीठाच्या लॉगिनमधून वेब ऑफ सायन्स या सशुल्क शोध-संकेतस्थळावर मिळणारं झूऑलॉजिकल रेकॉर्ड, म्हणजे प्राणिशास्त्रातल्या साहित्याची सूची. मी दोन्ही वापरली आहेत आणि मोफत सर्चचे उपकारही मानतो. लहान संस्थांची जर्नल्स, परिषदांचे खंड, प्रबंध, कुणी कुणाचा पेपर उद्धृत केला हे सगळं तिथे पटकन हाती लागतं, बऱ्याचदा थेट पीडीएफसह.

माझं मन फिरलं ते एका संध्याकाळी. जुने पेपर सापडावेत म्हणून मी नुसतं 'लिम्नोकॅरिस' टाकलं. आधी तैवान-जपानचे बेडूक आले, ते ठीक. मग येऊ लागली लिम्नोकॅरिस फ्लावा, म्हणजे एक पाणवनस्पती! ती सांडपाण्यातून जड धातू कसे शोषते, याचे पेपरमागून पेपर. वनस्पतीला वगळलं, सोबत बेडूक हा शब्द जोडला, तर ज्यांच्या संदर्भयादीत तो एकदाच आलाय असे निबंध पुढे. दोन आठवड्यांनी गाइडनी विचारलं, "काय शोधलंस, किती मिळाले?" तोच शोध पुन्हा दिला तर आकडा वेगळा, आणि पहिल्या हजारांपुढच्या नोंदी बघायची सोयच नाही. पद्धतीच्या प्रकरणात काय लिहायचं?

झूऑलॉजिकल रेकॉर्डमध्ये नोंदी १८६४ च्या साहित्यापासूनच्या आहेत. ते सुरू करणारे अल्बर्ट ग्युंटर स्वतः भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम केलेले. इथे नुसता शब्द जुळवला जात नाही. पेपर कोणत्या प्राणिगटावर, कोणत्या प्रदेशातला, कशाबद्दल, हे नोंदीत वेगवेगळं लावलेलं असतं. मी गट अन्यूरा (म्हणजे बेडूक), प्रदेश भारत, विषय प्रजनन असं निवडलं आणि ती वनस्पती कायमची गेली. यादी आटोपशीर झाली, शोधाची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवता आली. जुनी नावं मात्र आपणच मध्ये 'ऑर' (किंवा) लावून द्यावी लागतात, राना ते मिनर्वार्या सगळी. ते काम एकदाच करायचं असतं.

त्याच्या मर्यादाही आहेत. ही सूची आहे, पूर्ण पेपर नव्हे. जुन्या लेखांसाठी मी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीकडे वळतो. मुंबईच्या बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) जर्नल तिथे आहे. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा. पेशी, विषबाधा, प्रयोगशाळेतले उंदीर असा विषय असेल तर कदाचित वैद्यकीय साहित्याचं पबमेडच बरं पडेल. तीन महिन्यांच्या एमएस्सी प्रोजेक्टला मोफत सर्च पुरेल, असंही वाटतं. पण वर्गीकरण, प्रसार, वर्तन यांवर काही वर्षं घालवायची असतील तर मी लायब्ररीच्या लॉगिनपासून सुरुवात करेन, आणि मोफत सर्च शेवटी, राहिलेलं वेचायला.

वेब ऑफ सायन्स उघडलं की आधी डेटाबेस कोणता निवडलाय ते बघा. बहुधा तिथे कोअर कलेक्शन, म्हणजे सगळ्या विषयांची मुख्य सूची, असते. खाली उघडणाऱ्या यादीतून झूऑलॉजिकल रेकॉर्ड निवडावं लागतं, तेव्हाच प्राणिगटाचे रकाने दिसतात. त्या यादीत ते नसेल तर लायब्ररीत विचारा. सगळ्याच विद्यापीठांनी ते घेतलेलं नसतं.